मरणाचं पोलकं

‘‘गाठ मारायची नाही. धागा संपला तर नवा धागा जुन्याच्या खाली सरकवायचा, लेकरू आईच्या कुशीत शिरतं तसा. गाठ मारलीस तर जीव अडकेल माझा, वर जाताना.’’

सत्तावीस वर्षं झाली हे बोल ऐकून, तरी सुई हातात घेतली की दोम्निकाच्या कानात ते उठतातच. ती तेव्हा डोंगरातल्या झिम्ब्रेश्ती गावात सून म्हणून नुकती आली होती. सासू, झाम्फिरा, खिडकीशी बसून स्वतःचं मरणाचं पोलकं शिवत होती. वय सत्तावन्न, दात सगळे जागेवर, आवाज असा की गोठ्यातली गाय मान वळवून बघायची. मरायला एवढ्यात कोण निघालं होतं? पण पन्नाशी ओलांडली की बाईनं आपलं पोलकं आपणच शिवून पेटीत ठेवायचं, अशी या खोऱ्याची रीत. घरच्या तागाचं कापड, गळ्याशी चुण्या, हात मनगटापर्यंत लांब आणि सैल.

‘‘बघून घे,’’ झाम्फिरा म्हणाली होती. ‘‘शेवटचं अंगावर तूच चढवायचं आहेस.’’

खांद्यापासून मनगटाकडे उतरणाऱ्या भरतकामाच्या ओळींना झिम्ब्रेश्तीत नद्या म्हणतात. जित्या बाईच्या पोलक्यावर त्या नद्या मनगटाच्या चार बोटं अलीकडे थांबतात. अजून वाहायचं आहे, म्हणून पुढची वाट मोकळी ठेवायची. शिवताना बाया गुणगुणत,

नदी गं चालली, खांद्यावरून खाली खाली,
थांब मनगटाशी, अजून सांज नाही झाली.

मरणाच्या पोलक्यावर मात्र नदी मनगटाला मिळते. काळा धागा, मध्येच पिकल्या जांभळाचा रंग, लाल कुठेच नाही. ते शिवताना कोणी गात नाही.

त्या पोलक्याला झाम्फिराचे तीन हिवाळे लागले. मग ते अक्रोडाच्या पानांत गुंडाळून पेटीच्या तळाशी गेलं. पेटीवर वर्षं साचत गेली. नऊ वर्षांपूर्वी दोम्निकाचा नवरा गाव्रिल जंगलात ओंडक्याखाली सापडला. त्याला पुरून आल्यावर घरात उरल्या दोन विधवा, एक सासू, एक सून, आणि जोइआना गाय. म्हातारीच्या डोळ्यांत हळूहळू मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून ती बोटांनी बघायला लागली.

यंदाच्या ऑगस्टात पाऊस सुटला तो सुटलाच. गवत कापून आडवं पडलं होतं आणि उठवायला ऊन मिळेना. दोम्निका रोज पहाटे डोंगराच्या उतारावर जायची, लांब दांड्याच्या काट्यानं गवत उलटायची. वरची बाजू ओली, खालची काळी. हात घातला तर आत ऊब लागायची, कुजण्याची ऊब. खांदे भरून यायचे. रबरी बुटात पाणी शिरून पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, बुडून मेलेल्या माणसासारखी व्हायची. आठव्या दिवशी तिनं काटा जमिनीत रोवला आणि तिथंच बसली. गंजी रचायला गवतच नव्हतं. जोइआनाला हिवाळाभर काय घालायचं? गाय विकली तर दूध गेलं, चीज गेलं, आणि म्हातारीच्या तोंडात मक्याच्या मामालिगाबरोबर घालायलाही काही उरणार नव्हतं.

त्याच आठवड्यात शहरातून ओतिलियाबाई आल्या. त्यांची मोटार नाल्याच्या चिखलात रुतली. गावातल्या बायांनीच ती ढकलून बाहेर काढली आणि गुडघ्यापर्यंत माखल्या. बाई उंच, आवाजानं मऊ, केस पुरुषासारखे आखूड. शाळेच्या अंगणात त्यांनी सगळ्यांना जमवलं. त्यांची संस्था होती. म्हणाल्या, गावागावाचं जुनं पोलकं नाहीसं होतंय, ते जपायचंय. शहरातल्या मुली आता तेच घालू लागल्यात, आणि ते शिवायचं काम आम्ही गावातल्याच बायांना देतो. ‘‘वारसाही जपायचा आणि बाईलाही उभं करायचं.’’

‘‘उभ्याच आहोत की आम्ही,’’ शेजारची सावेता मागून म्हणाली. ‘‘बसायला कधी मिळेल ते सांगा.’’

बाया हसल्या. ओतिलियाबाईही हसल्या. मग त्या म्हणाल्या, काम दहा जणींना, हिवाळाभर. पण नमुना याच गावचा हवा, जुना, खरा. तो नसेल तर डोंगरापलीकडे ओरझेनीत चार पोलकी निघालीत, मग काम तिकडे जाईल.

झिम्ब्रेश्तीत नमुना कुठून असणार? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फेरीवाले आले होते, गाडी भरून प्लास्टिकच्या बादल्या आणि नायलॉनचे पडदे घेऊन. सावेतानं आईची तीन पोलकी देऊन एक निळी बादली घेतली होती. पुढच्याच वर्षी तिचं बूड फुटलं. कोणी पोलकी फाडून गाईची सडं पुसली, कोणी बुजगावण्याला चढवली. ओतिलियाबाई घरोघर फिरल्या. सगळीकडे पेट्या उघडल्या गेल्या, सगळीकडे रंग उडालेले स्वेटर आणि पडदे निघाले. सणाचं एकही पोलकं निघालं नाही. म्हाताऱ्यांच्या पेट्यांच्या तळाशी जे होतं ते कुणी दाखवलं नाही. ते दाखवायचं नसतंच.

बाई दोम्निकाच्या दारात आल्या तेव्हा दुपार होती. झाम्फिरा आतल्या खोलीत झोपली होती, तोंड उघडं, एक हात पोटावर. दोम्निकाच्या अंगाला कुजक्या गवताचा वास येत होता. तिनं पेटी उघडली. अक्रोडाची पानं तिच्या हातात चुरली.

ओतिलियाबाईंनी पोलकं खिडकीशी धरलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. ‘‘हेच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हेच शोधत होते मी. कधी घालायचं हे?’’

आतून म्हातारीच्या घोरण्याचा आवाज येत होता.

‘‘सणाला,’’ ती म्हणाली.

‘‘महिनाभरासाठी नेते. जपून आणते परत.’’

‘‘न्या.’’

ऑक्टोबरात काम आलं. दोम्निकाची चूल मोठी आणि खिडकी दक्षिणेला, म्हणून दहा जणी तिच्याकडेच बसायच्या. पहिल्या दिवशी कापडाचं गाठोडं सुटलं. कापलेल्या बाह्यांवर नमुना फिकट निळ्यात छापून आला होता. सावेतानं एक बाही मांडीवर पसरली, वरपासून खाली बोट नेलं आणि मनगटाशी बोट थांबलं. बाकीच्याही थांबल्या. चुलीत लाकूड तडतडलं. आतल्या खोलीतून झाम्फिरानं विचारलं, ‘‘गप्प का झालात गं, पाद्री आला की काय?’’

कोणी हसलं नाही. सावेतानं दोम्निकाकडे एकदा बघितलं. तिच्याही शेतातलं गवत कुजलं होतं. सगळ्यांच्याच शेतातलं कुजलं होतं.

‘‘पडदा जरा सार,’’ सावेता म्हणाली. ‘‘उजेड कमी पडतोय.’’

आणि तिनं सुईत धागा ओवला. मग एकेकीनं ओवला. त्या दिवसापासून त्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. गाणंही कोणी म्हटलं नाही, याचं ओतिलियाबाईंना फार वाईट वाटलं. कारण गाणं टिपायलाच एकदा त्या कॅमेरावाला घेऊन आल्या होत्या. त्यानं दोम्निकाला रबरी बूट काढायला लावले, चामड्याच्या जुन्या वहाणा घालायला दिल्या आणि थंडीत अंगणात उभं केलं. मग आतल्या झाम्फिराचा फोटो काढला, सुरकुत्या उजेडात धरून. तो फोटो छोट्या कार्डावर छापून प्रत्येक पोलक्याला अडकवायचा होता.

‘‘आता म्हातारीला शहरातून स्थळं येतील,’’ सावेता म्हणाली.

‘‘आली तर तुला पाठवते,’’ झाम्फिरा आतून म्हणाली. ‘‘माझे दात गेलेत, तुझी अक्कल. कोण पत्करतो ते बघू.’’

पहिली वीस पोलकी परत आली. प्रत्येकावर लाल चिकटपट्टी. धुतल्यावर धागे सुटले होते, कारण एकीनंही गाठ मारली नव्हती. कोणी ठरवलं नव्हतं. मनगटाला मिळणारी नदी बघितल्यावर हात आपोआपच गाठ विसरले होते. ओतिलियाबाईंनी मऊ आवाजात समजावलं की शहरातल्या मुली मशीनमध्ये धुतात, गाठ लागेलच, आणि हात खरखरीत असले की रेशमी धागा ओढला जातो, म्हणून त्यांनी सगळ्यांना मलमाची एकेक नळी दिली. बायांनी मलम घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाठी मारायला सुरुवात केली. पहिली गाठ दोम्निकानं दोनदा मारून सोडवली होती. दहावीच्या वेळी काही वाटलं नाही.

नाताळाला दोन आठवडे असताना मोटार पुन्हा फाटकाशी थांबली. बर्फ पडून गेला होता आणि वाट निसरडी होती. ओतिलियाबाई खालीच उभ्या राहिल्या, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. दोम्निका गोठ्यातून शेणानं भरलेल्या हातांनी फाटकाशी आली.

‘‘महिन्याचे चार झाले, माफ कर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हे तुझं पोलकं. बुखारेस्टला मोठं प्रदर्शन आहे वसंतापर्यंत. तिथं काचेत ठेवायचं मनात होतं, झिम्ब्रेश्तीचं नाव लावून. मग पुढच्या वर्षीचं काम इथंच, दहाच्या वीस जणी करता येतील. पण ओरझेनीवाल्यांनी पण एक दिलंय. तुला हवं असेल तर हे ठेव. तुझं आहे.’’

दोम्निकानं कागदाकडे बघितलं. आत, चुलीशी, झाम्फिरा सुकल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिचं स्वतःशी बोलणं बंद दारातून ऐकू येत होतं. कोणत्या तरी मेलेल्या मैत्रिणीला ती शिव्या देत होती, चांगली खणखणीत. गोठ्यात विकत घेतलेलं गवत होतं, हिरवट, वासाचं, आणि जोइआना ते आवाज करत खात होती. एवढं ठणकावून बोलणारी म्हातारी काय ईस्टरच्या आत जाते?

तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, ‘‘हात घाण आहेत माझे.’’

‘‘मग पायरीवर ठेवते.’’

‘‘नको. राहू द्या तुमच्याकडे. ईस्टरपर्यंत राहू द्या.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

मोटार उतारावरून घसरत गेली. दोम्निका दारात आली तेव्हा म्हातारीनं विचारलं, ‘‘कोण होतं?’’

‘‘पोस्टमन.’’

फेब्रुवारीत झाम्फिराला खोकला लागला आणि तो छातीत उतरला. ती चुलीमागच्या पलंगावर असायची, उशाशी मधाचं पाणी. एका दुपारी बाकीच्या बाया गेल्यावर दोम्निका पलंगाच्या कडेवर बसून बाही संपवत होती. म्हातारीचा हात गोधडीखालून आला आणि कापडावर पडला. बोटं खांद्यावरून निघाली. एकेक टाका मोजत, कुठे थांबत, कुठे मागे येत ती खाली उतरली. दोम्निकानं कापड ओढून घ्यायला हवं होतं. बोटं मनगटाशी आली आणि तिथेच राहिली.

‘‘कोण गेलं गं?’’ झाम्फिरानं विचारलं.

‘‘कोणी नाही, आत्याबाई.’’

‘‘मग कोणाचं हे?’’

‘‘शहरातल्या मुलींचं.’’

म्हातारीचा श्वास घरघरत होता, ओल्या लाकडासारखा. तिनं पलंगाच्या खाली हात घातला. तिथं तयार पोलक्यांची थप्पी होती. तिनं एकाची बाही चाचपली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची.

‘‘इतक्या मुली?’’ ती म्हणाली.

म्हातारीच्या बोटाला उलट्या बाजूची गाठ लागली. तिनं ती नखानं टोकरली, जशी जखमेवरची खपली टोकरावी.

‘‘आणि गाठी मारल्यात.’’

‘‘धुतात ना त्या. मशीनमध्ये.’’

‘‘माझं पेटीत आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘यंदा हवा दिलीस का त्याला?’’

‘‘दिली, आत्याबाई. तुम्ही झोपला होता तेव्हा.’’

‘‘बरं केलंस,’’ झाम्फिरा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर तिनं कधी पोलक्याचं विचारलं नाही. ते न विचारणं दोम्निकाच्या उरावर दगडासारखं बसलं.

तिनं ओतिलियाबाईंना फोन केला. शेजारच्या टेकडीवर चढावं लागायचं, तेव्हा कुठे फोन लागायचा. बाई म्हणाल्या, काच मोहोरबंद आहे, मेच्या आधी उघडत नाहीत, काही अडचण आहे का? वारा इतका होता की दोम्निकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सहज विचारलं.’’ मग तिनं स्वतःच एक पोलकं शिवायला घेतलं, गाठीवाचून, रोज कामाचं आटोपल्यावर थोडं थोडं. तीन हिवाळ्यांचं काम ते, तीन आठवड्यांत एक बाहीही झाली नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चौथ्या आठवड्यात, सकाळी, दूध तापत असताना झाम्फिरा गेली. शेवटी तिनं फक्त पाणी मागितलं आणि प्यायली नाही.

सावेता आणि आणखी दोघी धुवायला आल्या. कोमट पाणी, तुळशीच्या जातीची सुकी पानं त्यात टाकलेली. म्हातारीचं अंग पाखरासारखं झालं होतं, बरगडीवर कातडी, पोटावर जुन्या बाळंतपणाच्या रेषा. एकच मूल झालं होतं, तेही तिच्या आधी गेलं. सावेतानं तिचे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या. मग हात पुसत म्हणाली, ‘‘दोम्निके, पोलकं आण.’’

दोम्निका हलली नाही.

‘‘आण ना गं. अंग गार पडतंय, मग हात वळत नाहीत.’’

‘‘नाही इथं.’’

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘बाईंकडे आहे.’’

सावेताचा हात टॉवेलवरच राहिला. ‘‘अजून? परत दिलं नाही तिनं? ऑगस्टापासून?’’

दोम्निकानं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, ते तिनं सांगितलं नाही. सावेतानं तो आपल्या सोयीनं घेतला. ‘‘सटवी,’’ ती म्हणाली. ‘‘गोड बोलून मेलेल्याच्या अंगावरचं नेणारी सटवी.’’ बाकीच्या दोघींनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि दोम्निकाच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातांची ऊब तिला सोसवेना.

थप्पीतलं एक पोलकं घ्यावं लागलं. दुसरं होतंच काय? गळ्याशी आतून शिवलेली संस्थेची पट्टी दोम्निकानं कात्रीनं कापली, म्हातारीच्या फोटोचं कार्डही काढलं. चौघींनी मिळून बाह्या चढवल्या. प्रत्येकीच्या बोटाला गाठी लागत होत्या, आपल्याच हातच्या. पोलकं मोठं होतं, शहरातल्या उंच मुलीच्या मापाचं. मनगटं आत बुडाली. सावेतानं बाह्या दुमडल्या, तर नद्या मधूनच मोडल्या. मग तिनं परत उलगडल्या आणि म्हातारीची फक्त बोटांची टोकं बाहेर ठेवली.

तिसऱ्या दिवशी गाव चढणीनं दफनभूमीकडे गेलं. गोड गहू वाटला, आलुबुखारची दारू, त्सुइका, वाटली. पाद्री म्हणाला, झाम्फिरानं आपली रीत शेवटपर्यंत सांभाळली.

मेमध्ये प्रदर्शन संपलं. ओतिलियाबाई पाहुणे घेऊन गावच्या सभागृहात आल्या. खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर झाम्फिराचा माणसाएवढा फोटो लावला होता. शहरातून चार मुली आल्या होत्या, हसऱ्या, गोऱ्या, केसांत ताजी फुलं. त्यांच्या अंगावर पोलकी होती. ओतिलियाबाईंच्या अंगावरही होतं. त्या हात हलवून बोलत होत्या आणि प्रत्येक वेळी काळी नदी मनगटाला मिळताना दिसत होती. समोर बसलेल्या म्हाताऱ्या खाली बघत होत्या. पुढच्या वर्षी वीस जणींना काम मिळेल, बाई म्हणाल्या. टाळ्या शहरातल्यांनीच वाजवल्या.

मग त्यांनी सोबत आणलेल्या पेटीतून मूळ पोलकं काढलं, दोन्ही हातांवर धरलं, आणि दोम्निकाला पुढं बोलावलं. ‘‘झाम्फिराआजी नाहीत, याचं फार वाईट वाटतं. हे आता घरी परत जाईल.’’

सावेता उठली. खुर्ची मागे पडली.

‘‘आता देताय होय?’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ‘‘म्हातारी दुसऱ्याच्या मापाचं घालून गेली. गाठी मारलेलं. ते मरणाचं पोलकं आहे, बाई. तुमच्या हातात आहे तेही, आणि तुमच्या पोरींच्या अंगावर आहे तेही. तुम्ही ते नेलंत आणि दाबून ठेवलंत.’’

चार मुलींपैकी एकीनं आपल्या बाहीकडे बघितलं आणि हात पोटाशी घेतला. ओतिलियाबाईंचा चेहरा उतरला. ‘‘मला कोणी सांगितलं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला सणाचं म्हणून...’’ आणि त्यांनी दोम्निकाकडे बघितलं. ओठ उघडले होते. मग त्यांनी ते मिटले आणि मान खाली घातली.

‘‘आता सोंग करू नका,’’ मागून कोणीतरी म्हणालं. ‘‘चोरटी,’’ दुसरी म्हणाली. बाया एकेक करून उठू लागल्या. हिवाळाभर ज्या गप्प बसल्या होत्या त्या सगळ्यांना आता एक माणूस सापडलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जवळजवळ सुटका झाल्यासारखं दिसत होतं.

दोम्निका दोघींच्या मधोमध उभी होती. बोलली नाही तर कोणालाच कळणार नव्हतं. बाई सांगणार नव्हत्या, ते तिला त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं होतं. बोलली तर नमुना खोटं सांगून दिला हे पाहुण्यांसमोर उघड होऊन काम जाणार होतं, वीस जणींचं, आणि सावेता उद्यापासून तिच्या कुंपणाशी थांबणार नव्हती. या गावात तिला अजून म्हातारं व्हायचं होतं. कोणीतरी तिलाही धुवायचं होतं.

‘‘बस सावेता,’’ ती म्हणाली.

‘‘का बसू?’’

‘‘बाईंनी दाबून नाही ठेवलं. सणाचं आहे असं मीच सांगितलं त्यांना. आणि डिसेंबरात त्या परत घेऊन आल्या होत्या, बर्फातून, फाटकापर्यंत. पायरीवर ठेवते म्हणाल्या. मी नको म्हटलं. आत्याबाई आत घेवडा सोलत होत्या, मला त्यांचा आवाज येत होता, आणि मी नको म्हटलं.’’